सांग बरं

नाशिकच्या आकाशात ध्रुवतारा किती उंचावर दिसतो? हा प्रश्न मी आजवर किती जणांना घातला याची गणती नाही. लग्नघरात, एसटीत, गच्चीवर पतंग उडवायला आलेल्या शेजारच्या मुलांना. बहुतेक जण डोक्यावर कुठेतरी बोट दाखवतात. मग मी त्यांना उत्तरेकडे तोंड करून हात पुरता लांब करायला लावते. अंगठा आणि करंगळी ताणून वीत करायची, अंगठा क्षितिजाला टेकवायचा आणि वीत उभी धरायची. करंगळीच्या टोकाजवळ जो मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसतो तो ध्रुव. अशी वीत साधारण 20 अंशांची भरते. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि गावाचा अक्षांश जेवढा तेवढ्याच उंचीवर तिथून ध्रुव दिसतो. लहान मुलाचा हात आखूड, पण वीतही लहान, म्हणून माप सगळ्यांना लागू पडतं. प्रश्न असावा तर असा, की ज्याचं उत्तर आपल्याच हाताने पडताळता येतं.

हा नाद मला मामाने लावला. तो नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होता आणि राहायला पंचवटीत. कोजागरीला आम्ही सगळी भाचरं त्याच्या गच्चीवर जमायचो. खाली मामी दूध आटवत असायची, आणि ते वर येईपर्यंत मामाचं ‘सांग बरं’ चालू. चंद्र उगवताना मोठा असतो की डोक्यावर आल्यावर? सगळे ओरडायचे, उगवताना! मामा म्हणायचा, ‘कशावरून?’ त्याच्या खेळात उत्तराला अर्धेच गुण. उरलेले अर्धे या ‘कशावरून’ला. मग तो हात लांब करून करंगळीच्या नखाने चंद्र झाकायला सांगायचा. उगवतीचा थाळीएवढा चंद्र नखामागे सहज दडायचा, वर जागाही शिल्लक राहायची. मध्यरात्री पुन्हा हात वर. तेच नख, तेवढीच शिल्लक. चंद्र अर्ध्या अंशाचा, नख सुमारे एका अंशाचं. मोठेपणा आपल्या नजरेने दिलेला. धाकट्या मावसभावाला हे पटेना. तो दूध प्यायचं सोडून रात्रभर करंगळी वर धरून बसला होता.

शाळेतल्या प्रश्नमंजूषा मला तेव्हा खूप आवडत, पण त्यांत ‘कशावरून’ नसे. घंटी वाजवायची, ‘नऊ’ म्हणायचं, गुण घ्यायचे. सूर्यमालेत ग्रह किती, याचं ते उत्तर 24 ऑगस्ट 2006 रोजी आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या मतदानाने आठ झालं. शनीच्या चंद्रांची संख्या तर पाठ करण्यात अर्थच उरलेला नाही. मार्च 2025 मध्ये एकदम 128 नव्या चंद्रांची भर पडून ती 274 झाली. अशी आकडेवारी घोकणारी हुशार मुलं बघितली की मला वाईट वाटतं. त्यांच्या हुशारीला याहून चांगलं खाद्य द्यायला हवं.

प्लूटोचा विषय निघाला की मी व्यंकटेश बापूजी केतकरांचा प्रश्न काढते. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह आहेत असं गणित मांडून ते 1911 मध्ये फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापवणारे हे आपले पंचांगकर्ते. त्यांनी कल्पिलेल्या एका ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे 39 पट होतं. 1930 मध्ये प्लूटो सापडला तो साधारण तेवढ्याच सरासरी अंतरावर. इथे सगळे टाळ्या वाजवतात, आणि इथेच मी मामाचं ‘कशावरून’ पुढे सरकवते. एवढासा प्लूटो, त्याची ओढ ती किती? जुळणी झाली ती बहुधा योगायोगाने. केतकरांबद्दलचा माझा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. हाताशी दुर्बिणींचा ताफा नसताना त्या काळी तो प्रश्न स्वतःला घालणं, हेच मला मोठं वाटतं.

पण नाशिककराला खरा हक्काचा प्रश्न आहे सिंहस्थाचा. सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो? गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, एवढं घरोघरी माहीत असतं. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षं लागतात, हेही कुणीतरी सांगतं. मग मी विचारते, पुरती बारा? तर नाही, 11.86. सात फेऱ्या धरल्या तर 84 ऐवजी 83 वर्षंच होतात, म्हणून मधूनच एखादा मेळा अकराव्या वर्षी घ्यावा लागतो. हरिद्वारला 2010 नंतरचा कुंभ 2021 मध्येच भरला, तो याच हिशेबाने.

पुढचा प्रश्न मला त्याहून आवडतो. पर्वणीच्या रात्री रामकुंडावर उभं राहून गुरू कुठे शोधायचा? कुणी पूर्वेला बघतं, कुणी डोक्यावर. तो कुठेच सापडणार नाही, आणि दोष केवळ पावसाळी ढगांचा नाही. त्या दिवसांत सूर्यही सिंहेत असतो, त्यामुळे गुरू त्याच्या तेजात बुडालेला. 2015 मध्ये पहिलं शाहीस्नान 29 ऑगस्टला होतं आणि गुरू-सूर्य युती त्याच्या तीनच दिवस आधी. ज्याच्यामुळे लाखो माणसं गंगेवर येतात, तो नेमका तेव्हा दिसत नाही! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पंचांग उघडं टाकून कितीतरी वेळ नुसती बसून होते. 2027 च्या सिंहस्थातही तेच होणार आहे.

मी कॉमर्सला गेले, नोकरी विम्याच्या कचेरीत केली. भौतिकशास्त्र माझ्या वाट्याला आलं ते या खेळातूनच, आणि कधीकधी समोरच्याकडून. निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार पॉलिसीच्या कामाला आले होते. थंडीचे दिवस, बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून आलेले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही लोकांना प्रश्न विचारता म्हणे. मग सांगा, हवेचा पारा शून्याच्या वर असताना पानावर बर्फ कसा धरतो?’ उत्तर त्यांनीच दिलं. आभाळ निरभ्र असलं की पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. ढग आले तर ते पांघरुणासारखे उष्णता अडवतात आणि बाग वाचते. म्हणून पहाटे बागेला पाणीही सोडायचं, कारण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. मामा असता तर त्याने या माणसाला पुरते गुण दिले असते.

आता आमची बैठक मे महिन्यात, भर दुपारी भरते. 20 मेच्या सुमारास सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुलं तांब्या, पाइपचा तुकडा, तेलाची बाटली मांडून बसतात. किती वाजता, हा पहिला प्रश्न. बारा वाजता म्हणणारा बाद. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. तेव्हा आपला मध्यान्ह 12 वाजून 31 मिनिटांच्या आसपास.

2025 च्या 20 मेला सकाळीच जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. 2021 मध्ये आमच्याच गावी भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे येऊ मात्र शकले नव्हते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून धाडत. त्या दुपारी सगळे प्रश्न त्यांच्यावरच. नारायण विनायक जगताप कोण? मोठ्यांनाही येईना. माझ्या भाचीने ना.वि.ज. ही अक्षरं उलटी वाचली आणि ओरडली, ज.वि.ना.! मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेत नारळीकरांनी या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली होती, तीही अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीच्या हस्ताक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं.

तेवढ्यात दिल्लीला नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, ‘मावशी, आमच्याकडे सावली कुठल्या तारखेला जाते ते बघून सांग ना, ऑफिसच्या गच्चीवर सगळ्यांना दाखवतो.’ मी तोंड उघडायच्या आत भाचीने फोन ओढून घेतला.

‘दादा, सूर्य साडेतेवीस अंशांच्या वर जातच नाही, आणि तू बसलायस साडेअठ्ठावीसच्याही वर. जूनमध्ये रजा काढ, निदान भोपाळपर्यंत तरी ये!’