जिवंत मालाचे भांडवल

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाकडे पैशासंबंधी सल्ला मागावयास कोणी येऊ नये, आणि कोणी आलाच तर त्या माणसाने तो देऊ नये, हा नियम आम्ही पंचवीस वर्षे निष्ठेने पाळला. गतवर्षी मृगाच्या तोंडी तो मोडला. मोडण्यास कारण झाला आमचाच एक जुना विद्यार्थी. आमच्या तासाला तो नेहमी शेवटच्या बाकावर बसे. पुढे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन तो नवेगावबांधच्या बाजूच्या आपल्या खेड्यात परत आला. हातात थर्मास घेऊन तो आमच्या दारी आला तेव्हा चहा आणला असावा असे आम्हांस वाटले. आत गढूळ पाण्याची एक बाटली निघाली. बापाच्या बांधीतील धानाच्या मुळांवरून वेगळे काढलेले जिवाणू तीत होते. रोवणीपूर्वी पऱ्ह्याची मुळे या पाण्यात बुडविली तर करपा कमी येतो, असा त्याचा दोन हंगामांचा अनुभव होता. थर्मास कशासाठी, तर गोंदियाच्या उन्हाळ्यात हा माल मरतो म्हणून!

जिवंत माल आणि मृत माल यांतील भेद आम्हांस त्या दिवशी प्रथम कळला. लाख, विडी, तांदूळ यांच्या व्यापारावर आमचे गाव वाढले. यांतील कोणताही जिन्नस कोठारात ठेवला तर काही काळ तरी आपल्या मालकाची वाट पाहतो. जिवाणू वाट पाहत नाहीत. त्यांना वाढवावयास किण्वनपात्र लागते, टिकवावयास थंडावा लागतो, आणि त्यांचा गुण सिद्ध करावयास निरनिराळ्या शेतांतील अनेक हंगाम लागतात. शिवाय रोगनाशक म्हणून ते विकावयाचे तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी हवी; तिच्यासाठी परिणामाचा आणि निर्धोकपणाचा पुरावा हवा. या सर्वांस पैसा लागतो, आणि तो विक्रीचा पहिला रुपया हाती येण्याच्या कितीतरी आधी लागतो.

दोन दिवसांनी मुलाचा बाप आला. खुर्चीवर बसण्यास त्याने नकार दिला. बंडीच्या खिशातून सातबाराची घडी काढून ती त्याने आमच्या टेबलावर ठेविली व म्हणाला, "सर, चार एकर आहे. पोरगा म्हनते बँक पैसा देते. ठेवू का गहान?"

शेक्स्पिअरच्या एका नाटकातील गहाणखताविषयी आम्ही दरवर्षी चार तास बोलत असतो. परंतु चार एकरांचा खरा कागद समोर असता आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. "आठ दिवस द्या," एवढेच आम्ही म्हणालो. "तोपर्यंत हा कागद तुमच्यापाशीच राहू द्या," असे म्हणून तो निघून गेला.

त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले व विचारले त्याचे सार असे की, पैसा हा एकच शब्द असला तरी त्याच्या जाती अनेक आहेत. कर्ज ही एक जात. तिचा हप्ता थोड्याच काळात सुरू होतो. धानाला मात्र रोवणी जुलैतच हवी असते. ज्या धंद्याचे उत्तर तीन खरीप उलटल्यावर मिळावयाचे, त्याला महिन्याच्या हप्त्याचा पैसा घालणे म्हणजे बी पेरून दुसऱ्या दिवशी विळा घेऊन उभे राहणे होय. दुसरी जात अनुदानाची. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 साली लहान उद्योगांच्या संशोधनास साह्य देण्याची योजना काढली, आणि 2012 साली 'बायरॅक' नावाची स्वतंत्र संस्थाच या कामासाठी स्थापिली. तिच्या 'बिग' या योजनेने कल्पनेची सिद्धता पाहण्यासाठी अठरा महिन्यांकरिता पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. त्याला तारण नाही. तिसरी जात भागभांडवलाची. येथे पैसे देणारा जमीन मागत नाही, कंपनीचा हिस्सा मागतो. उद्योग बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो. चौथी जात भागीदाराची. तो पैशाबरोबर बाजार, यंत्र किंवा नाव घेऊन येतो, आणि म्हणूनच त्याच्याशी करार करताना डोळे अधिक उघडे ठेवावे लागतात.

या चौथ्या जातीची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. 1978 साली किरण मजुमदार यांनी बंगळूर येथे एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर 'बायोकॉन' सुरू केली, तेव्हा त्यांना कर्ज देण्यास बँका कचरत होत्या. त्यांच्या पाठीशी एक आयरिश कंपनी भागीदार म्हणून उभी होती. पपईच्या चिकापासून काढलेले पाचक द्रव्य हा त्यांचा आरंभीचा माल होता. हैदराबादच्या 'शांता बायोटेक्निक्स'ने 1997 साली काविळीच्या एका प्रकारावरील देशी लस बाजारात आणिली. तिला प्रारंभीचे मोठे भांडवल लाभले ते ओमानमधून. उलट बाजूही आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यास 'महिको' स्थापून स्वतःच्या बियाण्यावर कीर्ती मिळविली. 1998 साली अमेरिकेच्या 'मोन्सँटो' कंपनीने तीत 26 टक्के हिस्सा घेतला, आणि 2002 साली बीटी कापसास परवानगी मिळाली. त्या भागीदारीने नवे तंत्र विदर्भाच्या शेतापर्यंत आणिले, हे खरे. परंतु बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे जनुकाच्या मालकाचा आकारही शेतकऱ्याच्या माथी आला, हेही तितकेच खरे. भागीदारीत मूळ वस्तू कोणाची, हा प्रश्न किमतीच्या प्रश्नाहून मोठा आहे.

आठव्या दिवशी बाप आला तेव्हा आम्ही म्हणालो, "जमीन गहाण ठेवू नका. आधी अनुदानासाठी अर्ज करू." तो अर्ज इंग्रजीत लिहावयाचा असल्याने आम्ही स्वतःच लेखणी सरसावली. येथेच आमच्या हातून तो प्रमाद घडला, ज्याच्यासाठी हा लेख लिहीत आहो. मुलाने लिहिले होते, "आमच्या व शेजारच्या अशा दोन बांध्यांत करपा कमी दिसला." ते वाक्य आम्हांस अगदीच दरिद्री वाटले. आम्ही त्याच्या जागी असे भारदस्त वाक्य घातले की, त्यातून पूर्व विदर्भातील धान करप्यापासून मुक्त होणार असे कोणासही वाटावे. मुलगा चाचरत म्हणाला, "सर, एवढं अजून झालं नाही." आम्ही हसून म्हणालो, "भाषेचा प्रश्न माझ्यावर सोड."

अर्ज नामंजूर झाला. परीक्षकांचा शेरा दोन ओळींचा होता: दावा पुराव्याहून फार मोठा आहे, आणि जिवाणू किती तापमानात किती दिवस जगतात, याची मोजदाद दिलेली नाही. ती मोजदाद मुलाच्या वहीत होती! सजावटीला जागा हवी म्हणून आम्हीच ती गाळली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने शेरे मारणाऱ्या आम्हांस एवढा नेमका शेरा क्वचितच कोणी दिला असेल. मुलाने दोष दिला नाही. त्यामुळे तो अधिकच झोंबला, कारण या चुकीने त्याचा एक हंगाम गेला.

इतक्यात एक भातगिरणीवाले गृहस्थ पुढे आले. कमी औषधाचा तांदूळ चांगल्या भावाने विकता येईल, हे त्यांच्या व्यापारी दृष्टीने हेरले होते. पंधरा लाख रुपये देऊ, मात्र कंपनीचा अर्धा वाटा व त्या जिवाणूंवरील कायमचा हक्क आमचा, असे त्यांचे म्हणणे होते. अनुदान हुकलेल्या मुलास ते पैसे देवाने पाठविल्यासारखे वाटले. या वेळी आम्ही भाषा सजविली नाही. करारातील प्रत्येक शब्दाचा अर्थ तेवढा त्याला विचारला. 'कायमचा' या शब्दापाशी तो थांबला.

तेव्हा आम्हांस नवेगावच्या बांधाची आठवण झाली. आमच्या भागातील जुने तलाव कोहळी समाजाने बांधले. तलाव बांधणाऱ्याला पहिल्याच वर्षी फळ मिळत नसे, आणि ज्यांच्या शेताला पाणी जाई त्यांच्यावर पाळ राखण्याचा भारही असे. जमीनदारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाणी घेणारा व पाळ राखणारा यांची फारकत होताच कित्येक तलाव गाळाने भरले. पाण्याचा वाटा व पाळीचा भार एकाच हाती असावा, ही जुनी नीती. मुलाने त्या गृहस्थांना उलट सुचविले की, जिवाणूंची मालकी माझी राहील. तुम्हांस या जिल्ह्यापुरता पाच वर्षे विक्रीचा हक्क देतो. त्याबदली तुम्ही तीन हंगामांच्या चाचण्यांचा खर्च उचला. ते रागावून गेले, महिन्याने परत आले, आणि दोन हंगामांवर तडजोड झाली.

दुसरा अर्ज मुलाने स्वतः लिहिला. आम्ही केवळ शब्दांची अक्षरे तपासली. त्यात 'दोन बांध्या' हे शब्द जसेच्या तसे राहिले, आणि चाचण्या कोणत्या महिन्यात सुरू व्हाव्यात हेही त्याने नमूद केले. कारण अठरा महिन्यांत खरीप एकदा सापडतो की दोनदा, हे पैसा केव्हा हाती येतो यावर असते. हे शहाणपण आम्हांस कोठल्याही ग्रंथात आढळले नव्हते.

त्या अर्जाचा निकाल हे लिहितेवेळी लागलेला नाही, आणि यंदाच्या सहा बांध्यांतील धान अजून कापणीस यावयाचे आहे. जिवाणू खरे उतरतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तो अधिकार शेताचा. मात्र परवा बाप आला होता. टेबलाच्या खणातून सातबाराची घडी काढून आम्ही त्याच्या हाती दिली. ती त्याने उलगडून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेविली. या खेपेस तो खुर्चीवर बसला, आणि चहाही घेऊन गेला.