फुगा आणि कोरा कागद

कोल्हापूरकडच्या जत्रेत फुग्यांचा एक गाडा हमखास असतो. फळीवर ओळीनं लावलेले रंगीत फुगे, पुढ्यात खिळखिळ्या झालेल्या दोन-तीन एअरगन आणि बापाचा हात ओढत "मला पण, मला पण" म्हणणारं पोर. बंदुकीची साइट वाकडी असते, दस्ता पोराच्या खांद्याला पुरून उरतो, तरी फट् असा आवाज आला की आजूबाजूचे सगळे हसतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांची नेमबाजीशी पहिली भेट या गाड्यावर होते. पुष्कळांची तीच शेवटचीही ठरते.

त्याच जिल्ह्यानं तेजस्विनी सावंत दिली. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये ती जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकच्या पदकमंचावर उभा राहिला. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं होतं, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे वैयक्तिक पदक.

फुग्याचा गाडा आणि पदकमंच यांच्या मधल्या वाटेवर रेंज असते. तिथं काम करणाऱ्या प्रत्येक कोचला एकच प्रश्न रोज नव्यानं सोडवावा लागतो: आज किती खेळायचं आणि किती शिकायचं?

रविवारी सकाळी कुठल्याही रेंजवर हा प्रश्न शेजारी शेजारी उभा दिसतो. एका लेनवर राज्य स्पर्धेची तयारी करणारी मुलगी जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून तासभर एका जागी उभी असते. तिच्या बाजूच्या लेनवर नोकरीतून निवृत्त झालेले एक काका भाड्याची रायफल घेऊन मजेत शॉट मारत असतात. दोघांनी फी सारखीच भरलेली असते. काकांना दहा लागला की ते मागे वळून कुणी पाहिलं का बघतात. मुलगी वळत नाही. पण तीही कधीतरी अशीच वळायची, तेव्हाच तिला हा खेळ लागला, हे विसरून चालत नाही.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट साडेचार मिलिमीटरचं, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. ते बरोबर मध्यावर बसलं की ठिपका दिसेनासा होतो. पहिल्यांदा हे घडतं त्या दिवशी नवखं पोर घरी जाऊन जेवताना, झोपताना त्याबद्दलच बोलतं. हा आनंद खरा असतो आणि कोचनं त्याला हात लावू नये. पहिल्या महिन्यात श्वास, पाय, खांदा, गाल, बोट अशा सतरा सूचना एकदम देणारे कोच मुलं घालवून बसतात. आधी मूल परत यायला हवं. पाय कुठं ठेवायचा ते तिसऱ्या आठवड्यात सांगितलं तरी काही बिघडत नाही.

बिघडतं ते पुढं. सहा-आठ महिन्यांनी रेंजवर एक तिसरीच गोष्ट सुरू होते. ती मजाही नसते आणि शिक्षणही नसतं, पण बाहेरून फार गंभीर दिसते. मुलगा येतो, जॅकेट चढवतो आणि सरळ ६० शॉटची पूर्ण मॅच मारायला घेतो. स्पर्धेत त्याला ७५ मिनिटं मिळतात, त्याच्या आधी तयारी आणि सायटिंगची १५. इथंही तो घड्याळ लावतो. संपल्यावर स्कोअर बघतो. कालच्यापेक्षा दोन गुण जास्त आले तर खूश, कमी आले तर तोंड पाडून घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनोन्महिने रोज मॅच मारणारी अशी मुलं प्रत्येक रेंजवर आहेत आणि त्यांचा स्कोअर एका जागी अडकलेला असतो. कारण मॅच ही परीक्षा आहे. रोज परीक्षा देऊन अभ्यास होत नाही, आणि रोज परीक्षा देणाऱ्याला शाळा आवडेनाशी होते.

खरं शिक्षण बघायला फार कंटाळवाणं असतं. त्यातला मोठा भाग पेलेट न घालता होतो. ड्राय फायरिंग म्हणजे रिकाम्या रायफलीनं पूर्ण शॉट घ्यायचा: पवित्रा, श्वास, साइट, ट्रिगर आणि ट्रिगर सुटल्यानंतरही तसंच थांबून राहणं. या थांबण्याला सगळे फॉलो-थ्रू म्हणतात. ट्रिगर सुटल्यापासून पेलेट नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात निकाल बघायच्या घाईनं डोकं उचललं गेलं की नळी हलते आणि दहाचा नऊ होतो. ड्रायमध्ये आवाज नाही, भोक नाही, आकडा नाही. त्यामुळे आपण ट्रिगर दाबतो की झटकतो, हे लपत नाही.

त्याहून कठीण कोऱ्या कागदाचा सराव. लक्ष्याचा कागद उलटा लावायचा आणि पांढऱ्या बाजूवर शॉट मारायचे. नेम धरायला काळा गोळा नाही, मोजायला गुण नाहीत. नेमबाजाजवळ उरतं ते फक्त आपलं शरीर आणि समोरची साइट. अर्ध्या तासानं कागद आणून बघितला की कुणाची भोकं मुठीएवढ्या जागेत असतात, कुणाची रुपयाएवढ्या. आणखी एक प्रकार डोळे मिटायचा. रायफल धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट लक्ष्याच्या डावीकडे सरकलेली दिसली तर हातांनी ओढून आणायची नाही, पाय जरासे फिरवायचे. हातांनी ओढून आणलेली रायफल पहिले दहा शॉट ऐकते, विसाव्या शॉटला हात दमतात आणि ती आपल्या मूळ जागी परत जाते.

या सगळ्यात एक सवय सर्वांत मोलाची आहे: शॉट कॉल करणं. ट्रिगर सुटल्यावर, स्कोअरच्या पडद्यावर ठिपका उमटायच्या आत, शॉट कुठं गेला ते सांगायचं. "उजवीकडे, साडेनऊ." मग बघायचं. चांगल्या नेमबाजाचा अंदाज आणि पडदा बहुतेक वेळा जुळतात. जुळले नाहीत तर साइट हलली असेल, पेलेट खराब असेल किंवा लक्ष दुसरीकडे असेल, आणि शोधायला काहीतरी हाती लागतं. कॉल न करता मारलेल्या शॉटमधून यातलं काहीच हाती येत नाही, मग तो दहा असला तरी.

सुमा शिरूरनं २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० मारले. तेव्हा महिलांची फेरी ४० शॉटची असे. एकामागोमाग चाळीस दहा, एकही नऊ नाही. नशिबानं पाच-सात दहा लागू शकतात. चाळीस लागायला प्रत्येक शॉट आतून ओळखता यावा लागतो.

मग मजेचं काय? ती ठेवावीच, पण तिला तिची वेळ आणि तिचं टार्गेट द्यावं. सरावाच्या मध्येच कंटाळा आला म्हणून दहा शॉट कसेही उडवून दिले, तर बोट तेही शिकतं. शरीर चांगलं-वाईट निवडून लक्षात ठेवत नाही. त्यापेक्षा शेवटची वीस मिनिटं उघडपणे खेळाची करावीत. लक्ष्याच्या जागी छोटे फुगे टांगावेत. दोन-दोन जणांनी जोडीनं एकेक शॉट मारावा, हरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजावा. ड्राय करताना नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून ट्रिगर सुटेपर्यंत ते पडू द्यायचं नाही, यावर शाळकरी मुलं तास तास भांडतात. त्यांना कुणी सांगत नाही की हा ट्रिगरचा धडा आहे. सांगायची गरजही नाही.

एका गोष्टीत मात्र खेळ आणि सराव यांत फरक होत नाही. नळी कायम लक्ष्याच्या दिशेनं, रायफल खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग, "स्टॉप" ऐकलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, कुणी पुढं गेलं असेल तर हत्याराला हात नाही. पेलेट शिशाची असतात, म्हणून चहाआधी हात साबणानं धुवायचे. फुगा फोडतानाही हे सगळं तसंच. ज्या रेंजवर मजेच्या वेळी नियम ढिले होतात, तिथं आपलं मूल पाठवू नये, इतकं हे स्पष्ट आहे.

मजा अगदीच वगळली तर काय होतं याचं उदाहरण या खेळातल्या सर्वोच्च जागेवरच सापडतं. अभिनव बिंद्रानं बीजिंगच्या तयारीसाठी एक मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन त्यात अंतिम फेरीच्या हॉलसारखी रेंज उभी केली होती. स्पर्धेआधी जर्मनीत तो भीती घालवण्यासाठी उंच खांबावर चढला. ११ ऑगस्ट २००८ ला शेवटच्या शॉटला त्यानं १०.८ मारला आणि भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. त्यानंतर आपल्याला रितेपणानं गाठलं, हे त्यानं स्वतःच अनेकदा उघडपणे सांगितलं आहे. त्याच्या कष्टांपुढं हात जोडावेत. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तोच एक नमुना म्हणून दाखवणारे पालक भेटतात तेव्हा काळजी वाटते.

मनू भाकरची गोष्ट या पालकांनी ऐकावी. टोकियोत ऐन पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं आणि ती अंतिम फेरीत पोचली नाही. पुढं खेळातला आनंदच हरवला, खेळ सोडून द्यावा असंही मनात आलं, हे तिनं मुलाखतींत सांगितलं आहे. आपले जुने कोच जसपाल राणा यांच्याकडे ती २०२३ साली परतली आणि पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये तिनं दोन कांस्यपदकं जिंकली. स्वातंत्र्यानंतर असं करणारी ती पहिली भारतीय खेळाडू. मधल्या काळात तंत्र तिच्याजवळ होतंच. सकाळी उठून रेंजवर जावंसं वाटणं परत यावं लागलं.

तिनं सरबजोत सिंगबरोबर कांस्य मिळवलं त्याच मिश्र स्पर्धेत तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचनं रौप्य घेतलं. साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा, एक हात खिशात. तो फोटो जगभर फिरला आणि सहज आला, मारलं, गेला, असं लोक समजले. दिकेच तेव्हा ५१ वर्षांचा होता आणि ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. पिस्तूल एका हातानं मारायचं असतं. दुसरा हात खिशात अडकवला की खांदे डुलत नाहीत. फोटोत दिसणारी सहजता कित्येक वर्षांच्या सरावाची आहे, आणि इतकी वर्षं कुणी नुसत्या शिस्तीवर टिकत नाही.

महाराष्ट्रात या टिकण्याची एक परंपरा आहे. वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्तींच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे तयार झाल्या. सुमा आणि दीपाली पुढं कोच झाल्या आणि दीपालीच्या हाताखाली बालेवाडीत स्वप्नील घडला. पॅरिसला तो पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारायच्या १५ शॉटनंतर तो पहिल्या तिनांत नव्हता, पालथं झोपून मारायच्या १५ नंतरही नव्हता. उभ्यानं मारताना त्यानं जागा वर काढल्या. उभा पवित्रा तिन्हींत सर्वांत डळमळीत, आणि एकेक जण बाद व्हायला लागतो तोही तिथंच.

आजकालच्या अंतिम फेऱ्या शांततेत होत नाहीत. संगीत चालू असतं, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ओरडतात. म्हणून दर शनिवारी एक खोटी अंतिम फेरी घ्यावी; हा खेळ फार कामाचा. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची, बाकीच्यांनी मागून आरडाओरडा करायचा, दोन-दोन शॉटनंतर एकेकाला बाद करायचं. पहिला बाद झालेला नळीत फ्लॅग घालून मागं येतो आणि आरडाओरड्यात सामील होतो. यात कुणी शिकत असतं, कुणी खेळत असतं, आणि कोण काय करतंय ते कोचलाही नीट सांगता येत नाही.

स्पर्धा जवळ आली की पुष्कळ रेंजवर पहिली कात्री या शनिवारला लागते. "आता मस्ती बंद" असं म्हणून मुलांना रोज साठ शॉट मारायला लावतात. खरं तर त्या आठवड्यात मॅच मारणं थांबवावं, पडदा फिरवून ठेवावा, ड्राय आणि कोरा कागद तेवढा चालू ठेवावा आणि शनिवार अजिबात चुकवू नये.