पाठीची भीती

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावच्या यात्रा एकामागून एक लागतात. सकाळी घाटात बैलगाडे, ऊन कलले की कुस्त्यांचा हगामा, रात्री तमाशा. नगर-कल्याण रस्त्यावरची राजुरी घ्या की घोडनदीकाठचे एखादे छोटे गाव, हगाम्याचा क्रम सहसा सारखाच. आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, त्यांत शाळकरी पोरे एकमेकांना भिडतात. मग इनामाचा आकडा चढत जातो, बाहेरगावचे मल्ल उतरतात आणि दिवस मावळताना शेवटची कुस्ती लागते. इनाम नारळाचे असो की लाखाचे, निकाल एकाच जागी लागतो. पाठ मातीला टेकली की संपले.

या पट्ट्यातल्या पोराचे अंग त्या एका भीतीवर घडते. त्याला कोणी व्याख्यान देत नाही. वस्ताद फक्त ओरडतात, ‘पाठ सांभाळ!’ पोरगा हवेत असतानाच अंग वळवायला शिकतो, पडताना पोटावर पडायला शिकतो. वर्षभरात हे शिकणे डोक्यातून उतरून मणक्यात जाते.

हीच पाठ घेऊन एखादा मल्ल पिंजऱ्यात उतरतो, तेव्हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड भाग सुरू होतो. जाळीच्या पिंजऱ्यात होणारा मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, हा खेळ ठोशांचा आणि लाथांचा आहे असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. लाल मातीतून आलेल्याची खरी परीक्षा ठोशांत नसते. ठोसा दिसतो, त्याची भीती आपोआप शिकता येते. अवघड असते ते जुनी भीती सोडणे.

कुस्तीत प्रतिस्पर्ध्याने मागून कब्जा घेतला की मल्ल पोटावर पसरतो, कोपरे बरगड्यांशी आवळतो, हनुवटी मातीत रुतवतो. समोरचा घिस्सा लावू दे, भारंदाज लावू दे, तो हलत नाही. हा बचाव किती पक्का असतो याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९१०च्या लंडनमधले आहे. गामा पहिलवानासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक वेळ चाललेल्या त्या कुस्तीत बहुतेक काळ पोटावरच राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. गामासारख्या मल्लालाही पोटावर घट्ट बसलेला माणूस उलटवता आला नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभरही लावला नाही. पण लंडनच्या त्या दुपारी पोटाने झिबिस्कोला वाचवले होते.

पिंजऱ्यात तेच पोट घात करते. पोटावर गेलेल्या माणसाच्या पाठीवर प्रतिस्पर्धी बसतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो आणि हनुवटीखालून हात सरकवतो. या गळफासात श्वासनलिका दाबायची नसते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या दाबायच्या असतात. नीट बसला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. उलट पाठीवर पडलेला माणूस इथे हरलेला नसतो. त्याचे दोन पाय मोकळे असतात, त्यांनी तो वरच्याची कंबर बांधून ठेवतो, मनगट धरतो, तिथूनच कोपर किंवा गळा पकडतो. १९९३च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी ही एमएमएची स्पर्धा पहिल्यांदा झाली. ती जिंकणारा ब्राझीलचा रॉइस ग्रेसी अंगाने सडपातळ होता. त्याच्या घराण्याची ब्राझिलियन जुजुत्सू ही विद्याच पाठीवर पडून लढायची आहे. आपल्याकडे जिथे कुस्ती संपते, तिथे त्यांची सुरू होते.

मल्लाची दुसरी सवय मानेशी निगडित आहे. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, तो वाकतो, डोके पुढे घालतो. मॅटवर ते योग्यच, कारण तिथे मान आवळून कोणी कुस्ती जिंकत नाही. पिंजऱ्यात वाकलेल्या मानेभोवती वरून हात पडतो आणि गिलोटिन लागतो. मुंबईचा भरत खंडारे कुस्तीतूनच एमएमएत आला, सुपर फाइट लीग या भारतातल्या स्पर्धेत त्याने नाव कमावले आणि यूएफसीचा करार मिळवणारा भारतातला तो पहिला ठरला. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये त्याची लढत झाली. चीनच्या मुख्य भूमीवरचा यूएफसीचा तो पहिलाच कार्यक्रम. समोर सोंग यादोंग होता, वय अजून वीसही पूर्ण न झालेले. पहिल्याच फेरीत सोंगने गिलोटिनने लढत संपवली. यूएफसीतली खंडारेची तेवढी एकच लढत. त्याचे मोल मात्र एका पराभवाने ठरवू नये. त्याच्या आधी हे दार आपल्याकडच्या कोणी उघडलेलेच नव्हते, आणि ज्या फासात तो अडकला तो फास आजही तालमीतून आलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराला सरावात पहिल्या आठवड्यात बसतो.

रितू फोगटचे उदाहरण याहून बोलके आहे. हरियाणातल्या फोगट घराण्याची ही मुलगी २०१९ साली कुस्ती सोडून सिंगापूरला गेली, वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या लढतींत उतरू लागली. कुस्तीच्या जोरावर ती प्रतिस्पर्धी खाली पाडत गेली आणि डिसेंबर २०२१मध्ये ॲटमवेट ग्रां प्रीच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची मुए थाईची खेळाडू. रितूने तिला खाली घेतले. कुस्ती असती तर पंचांची शिटी रितूच्या बाजूने वाजली असती. स्टॅम्पने पाठीवरूनच तिचा हात पायांत घेतला, कोपर ताणले आणि दुसऱ्या फेरीत रितूला हार मानावी लागली. लाथा-ठोशांत वाढलेली मुलगी पाठीवर पडून जिंकली आणि कुस्तीत वाढलेली मुलगी वर असताना हरली. मातीतल्या प्रत्येक मुलाला ही लढत पुन्हा पुन्हा दाखवावी, असे मनापासून वाटते.

याचा अर्थ कुस्ती कमी पडते असा मुळीच नाही. कॅनडाचा अर्जन भुल्लर २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण जिंकला होता. २०२१मध्ये तो वन चॅम्पियनशिपचा हेवीवेट विजेता झाला. दागेस्तानचा खबीब नुर्मागोमेदोव्ह २९ लढतींत एकदाही हरला नाही आणि त्याचा पाया सांबो नि कुस्ती हाच. लढत उभ्याने व्हावी की खाली, हे ठरवण्याची ताकद कुस्तीच देते. खडाखडीत मानेवर पडणारा हात पिंजऱ्यात तितकाच उपयोगी असतो. बगलेतून हात घालून अंग चिकटवणे, समोरच्याचे वजन कुठे आहे ते डोळे मिटूनही ओळखणे, हे ठोसेबाजीतून आलेल्याला वर्षानुवर्षे साधत नाही. जुन्नरच्या पोराकडे ते दहाव्या वर्षीच असते.

म्हणूनच शिकवणाऱ्याचे काम नाजूक असते. मल्लाचे अंग मोडायचे नाही, त्याची भीती फक्त जागेवरून हलवायची. प्रत्येक फेरी पाठीवर पडूनच सुरू करायची. कोणी छातीवर आले की तोंड फिरवून पोटावर जायचे नाही, त्याच्याकडेच वळायचे. कंबर सरकवून बाजूला निघायचे. गळ्याकडे हात आला की आधी त्या हाताचे मनगट धरायचे, बाकी सगळे नंतर. जाळीला पाठ टेकवून, पाय पोटाखाली ओढत उठायचे. पट काढताना नजर वर, कान समोरच्याच्या बरगड्यांना चिकटलेला. उभ्याने खेळतानाही बदल लागतो. मल्ल पुढच्या पायावर भार देऊन वाकून उभा राहतो आणि त्याच पोटरीवर पहिली लाथ बसते. हे सगळे समजायला सोपे आहे. दमलेल्या अंगाला तिसऱ्या फेरीत आठवणे मात्र फार कठीण, कारण दमला की माणूस लहानपणी शिकलेलेच करतो.

वजनाचा प्रश्न कुस्तीवाल्यांना नवा नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगटचे अंतिम फेरीतले पदक १०० ग्रॅमने गेले, ते सगळ्या देशाने पाहिले. एमएमएत बहुतेक ठिकाणी वजन आदल्या दिवशी होते. मध्ये दिवसभर मिळतो म्हणून लढवय्ये अंगातले पाणी काढून खालचा गट गाठतात. डिसेंबर २०१५मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मनिलातल्या लढतीआधी यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू असे वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या संस्थेने अंगातले पाणी तपासण्याचा नियम आणला. हा नियम सगळीकडे असायला हवा. खुराकावर वाढलेल्या पोराला दूध-तूप तोडायला लावून आठवड्यात दोन गट खाली आणणारा प्रशिक्षक त्याचा शत्रूच.

आता पोटापाण्याचे. कुस्तीची वाट अरुंद असली तरी तिच्यावर पाट्या लावलेल्या आहेत. शेजारच्या खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे जानेवारी २०२३मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा गदेबरोबर थार गाडी आणि ५ लाख रुपये मिळाले. राहुल आवारे, नरसिंग यादव, विजय चौधरी यांना राज्य पोलिसांत उपअधीक्षकपद मिळाले. एमएमएत अशी पाटी नाही. लढायला उतरल्याची एक रक्कम, जिंकल्यास बहुधा तेवढीच आणखी, आणि त्यातून प्रशिक्षक, तपासण्या, सरावाचा खर्च भागवायचा. मुंबईत मार्च २०१२मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग सुरू केली, २०१९मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइट आली, म्हणून निदान घराजवळ लढायला जागा झाली. उत्तरकाशीचा अंशुल जुबली आणि मुझफ्फरनगरकडची पूजा तोमर त्याच मॅट्रिक्समधून यूएफसीपर्यंत गेले. पूजा जून २०२४मध्ये तिथे जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. अंशुल करार जिंकून गेला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सिडनीत १९ सेकंदांत हरला. चढ किती उभा आहे, ते या दोघांकडे पाहून कळते.

आणखी एक फरक फार कमी पालकांना ठाऊक असतो. यात्रेतली हार पुढच्या यात्रेपर्यंत विसरली जाते. व्यावसायिक एमएमएत प्रत्येक हार नावापुढे कायमची लिहिली जाते, आणि करार देणारा आधी तो आकडा पाहतो. एकोणिसाव्या वर्षी घाईने घेतलेल्या दोन लढती पंचविसाव्या वर्षी दार बंद करतात. म्हणून आधी हौशी लढती भरपूर खेळाव्यात, हरायचे ते तिथे हरावे.

२०२६च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांच्या यादीत एमएमए आले, तेव्हा हा विषय गावापर्यंत पोहोचणार हे नक्की झाले. राजुरीचा एखादा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मोबाइलवर लढती पाहून वस्तादांना विचारेल, आणि वस्तादांनी त्याला हाकलू नये. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, त्यामुळे बऱ्याच तालमींत मातीच्या हौद्याशेजारी मॅट आहेच. पहाटेची माती, जोर-बैठका, रोजच्या लढती तशाच चालू ठेवाव्यात. संध्याकाळी त्याच मॅटवर जुजुत्सू जाणणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा बोलवावे. ठोसे आणि लाथा वर्षभर नकोत, त्या वयाच्या डोक्याला तो मार नकोच. फक्त पाठीवर पडून निघायला शिकवावे आणि मान वाचवायला शिकवावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, आईवडिलांसमोर सगळा खर्च, वजन, दुखापती आणि करार मांडून, मग त्याने ठरवावे.