दरबार

साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली, हे मी वर्गात सांगत होतो. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, तुम्ही येशूला राजा म्हणता. मग त्याची गादी कुठं आहे?”

मुलं हसली. मीही हसलो, आणि त्याच साताऱ्यातली दुसरी गोष्ट सांगितली. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून तिथं ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दरबार म्हटला की राजा हजर हवाच! येशू पुढं कधीतरी येऊन राज्य करील एवढंच नव्हे, तो आजही राज्य करतो, अशी आम्हां ख्रिस्ती माणसांची श्रद्धा आहे.

उत्तर झकास जमलं. संध्याकाळी परतताना मात्र वाटेत थोरल्या भावाचं घर लागलं. बांधावरच्या एका आंब्यापायी तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मनात आलं, राजा आज गादीवर असेल, तर त्याचा हुकूमही आजचाच. शत्रूवरसुद्धा प्रेम करायला त्यानं सांगितलं. हा तर सख्खा भाऊ! आणि काट्यांचा मुकुट ल्यालेला राजा शिपाई पाठवून थोडाच मला ओढून नेणार? जायचं ते माझं मलाच.

कडी वाजवली. दादानं दार उघडलं, क्षणभर पाहिलं, आणि आत वळून म्हणाला, “अगं, चहा टाक. धाकटा आलाय.”

आंब्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण यंदा पाडाचे आंबे दोन्ही घरी गेले.