तिसऱ्या महिन्यातल्या मुंग्या

औषधांना दाद न देणारा क्षय असल्याचं कळलं तेव्हा मला आमच्या चाळीतले काका आठवले. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांना हाच आजार झाला होता. तेव्हाचा उपचार दोन वर्षांचा होता आणि सुरुवातीचे कितीतरी महिने कनामायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. क्षय बरा झाला, पण कान गेले. आज त्यांच्याशी बोलायचं तर मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवावं लागतं.

माझं निदान उशिरा झालं. एका खासगी दवाखान्यात खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं गेलं. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार चालतं, त्यामुळे खोकला दबला आणि रोग आत तसाच राहिला. पुढे वजन उतरलं, संध्याकाळचा ताप सुरू झाला, आणि शेवटी महापालिकेच्या केंद्रात बेडका तपासला तेव्हा मशीनने रिफाम्पिसिन चालणार नाही असं सांगितलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, इंजेक्शन नाही हं आता. सहा महिने गोळ्या. पण एकही चुकवायची नाही."

बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या त्या चार गोळ्या. आपल्याकडे या उपचाराला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे नाव कळलं की मागे लागायची खोड आहे. रजेवर घरात एकटी झोपायचं, जेवणाचं ताट वेगळं नसलं तरी सगळे जरा लांब बसतात, अशा दिवसांत दुसरं करणार तरी काय? बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानमधल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले होते. जुन्या लांबलचक उपचारात शंभरातल्या ५२ जणांना गुण आला, या चार गोळ्यांनी ८९ जणांना. ते वाचलं आणि त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तिसऱ्या महिन्यात पायांना मुंग्या येऊ लागल्या. आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्यांना. रात्री आग व्हायची, दिवसा बधिरपणा. एकदा मोरीतून खोलीत आले तर एका पायात चप्पलच नव्हती, आणि ती कुठे सुटली ते मला कळलंही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, नाचणीची पेज घे. पेज घेतली. मुंग्या तिथेच.

केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी नादकाटा काढला. ध्वनीचा धडा शिकवताना मी जो वर्गात टेबलावर आपटून दाखवते, तोच. तो त्यांनी गुडघ्यावर टेकवला, तर कंप स्पष्ट जाणवला. घोट्यावर अगदी पुसट. अंगठ्यावर काहीच नाही. आठवी-नववीच्या कितीतरी वर्गांना मी तो दाखवला असेल, पण स्वतःच्या पायाला तो ऐकू येत नाही हा अनुभव निराळाच.

याचं कारणही माझ्याच पाठ्यपुस्तकातलं निघालं. लिनेझोलिड जंतूंच्या रायबोझोमला धरून त्यांचं प्रथिनं बनवणं थांबवतं. आपल्या पेशींमधल्या तंतुकणिका फार पूर्वी जीवाणूंपासूनच आल्या, आणि त्यांचे रायबोझोम अजूनही जीवाणूंच्या वळणाचेच आहेत. औषध त्यांनाही सोडत नाही. मग लांबलचक चेतातंतूंना ऊर्जा कमी पडते आणि पाय आधी कुरकुरतात. अस्थिमज्जाही त्यातच सापडते, म्हणून रक्त तपासत राहायचं. डोळ्यांच्या चेतातंतूंसाठी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावतात. (बेडाक्विलिनसाठी ईसीजी वेगळा.)

माझ्या आधी हे ज्यांनी सोसलं त्यांचे आकडे मी शोधले. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या अभ्यासात १०९ रुग्णांना रोज १२०० मिलिग्रॅम लिनेझोलिड देण्याचं ठरलं होतं. दहातले नऊ बरे झाले. आणि शंभरातल्या ८१ जणांच्या चेतातंतूंना इजा झाली. एवढं यश हाती असताना कोणी म्हणालं असतं की जीव वाचला ना, मग पायांचं काय एवढं. तसं झालं नाही. पुढच्या अभ्यासात, १८१ रुग्णांमध्ये, वेगवेगळे डोस आणि वेगवेगळे आठवडे लावून पाहिले. २६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम दिलं तरी ९१ टक्के बरे झाले, आणि चेतातंतूंचा त्रास तितकेच आठवडे १२०० घेणाऱ्यांमध्ये ३८ टक्के होता तो इथे २४ टक्क्यांवर आला. दृष्टीच्या चेतातंतूला इजा झालेले चारही जण १२०० मिलिग्रॅम पूर्ण २६ आठवडे घेणारे होते. मला पहिल्या दिवसापासून ६०० ची गोळी मिळाली ती यामुळे. कुठल्या तरी परक्या गावातल्या माणसांनी माझ्यासारखीच तक्रार केली, आणि ती कोणीतरी तारखेसकट लिहून घेतली.

मी त्या चोवीसांतली निघाले, हे नशीब. मॅडमनी वरच्या तज्ज्ञांशी बोलून गोळी ३०० वर आणली, बाकीच्या तीन तशाच ठेवल्या. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने आपल्याच रुग्णांमध्ये काही आठवड्यांनंतर ६०० वरून ३०० वर येण्याचा प्रयोग केला आहे, हे मला माहीत होतं, म्हणून धीर वाटला.

रुग्णांच्या सांगण्याने औषधाचं काय काय बदलू शकतं याचं आणखी एक उदाहरण मुंबईचंच आहे. नंदिता वेंकटेशन यांचे कान क्षयावरच्या अशाच इंजेक्शनाने गेले. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचेही उपचारातच गेले. दोघींनी मिळून बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने मूळ कंपनीचा अर्ज फेटाळला. स्वस्त बेडाक्विलिन इथे बनण्याचा रस्ता त्याने मोकळा झाला. काकांना मी हे टाइप करून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं गं, ऐकू येतंय का म्हणून."

माझं कल्चर निगेटिव्ह आलं, गोळ्या संपल्या, मी शाळेत रुजू झाले. कागदोपत्री मी यशस्वी. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. ती सुधारायला किती वेळ लागेल ते मॅडमही ठामपणे सांगत नाहीत. घसरणाऱ्या चपला सोडून मी पट्ट्याची सँडल घेतली आहे.

तुमच्या घरात कोणी हा उपचार घेत असेल तर रोज झोपताना विचारा: पायांना मुंग्या येतात का, रंग फिके दिसतात का? होय म्हणाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी केंद्रात जा आणि तक्रार कार्डावर लिहून घ्यायला लावा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.