आम्ही मलमपट्टीवाले

मारामारीशी माझा संबंध तसा जुना आहे. म्हणजे शाळेत दोघे मारामारी करत आणि मी त्यांची दप्तरं धरून उभा राही. कबड्डीच्या संघात मी राखीव खेळाडूंतलाही राखीव होतो. लिंबू कापणे आणि घड्याळं सांभाळणे ही दोन खाती माझ्याकडे असत. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली तेवीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांचं बाकी सगळं सांभाळतो आहे. अशा माणसाने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात जादूची काठी घेऊन राक्षसांच्या गुहेत शिरावं, हे काही बरं दिसत नाही. पण दोष माझा नाही. चिरंजीवांचा आहे.

चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. रोज रात्री साडेनऊला मी फोन करतो.

"जेवलास का?"

"हो."

"अभ्यास?"

"चालू आहे."

"पैसे?"

"आहेत."

"बरं, आईला देतो."

संपलं. तारखात्याला २०१३ साली कुलूप लागलं, पण आमच्या घरात तारेची भाषा अजून चालू आहे. एका रात्री मात्र उत्तर वेगळं आलं. "बाबा, नंतर बोलू. माझ्यासाठी सात जण खोळंबलेत." आणि फोन बंद. मी चकितच झालो. माझ्यासाठी सात माणसं खोळंबतात ती फक्त पासबुकाचं मशीन बिघडलं की, आणि तेव्हा ती जे बोलतात ते काही अभिमानाने घरी सांगण्यासारखं नसतं.

दिवाळीत स्वारी घरी आली तेव्हा मी खोदून विचारलं. प्रकरण खेळाचं निघालं. 'फायनल फँटसी फोर्टीन' नावाचा हा जपानी खेळ. संगणकावर हजारो माणसं एकाच वेळी तो खेळतात. ज्याने त्याने आपला एक वीर घडवायचा आणि चौघाचौघांनी, आठाआठांनी मिळून राक्षसांवर चालून जायचं. २०१० साली हा खेळ पहिल्यांदा काढला तेव्हा सपशेल पडला. २०१२ साली मालकांनी तो बंद केला आणि २०१३ साली नव्याने बांधून पुन्हा उघडला. तो आजतागायत चालू आहे. बुडीत खातं असं उभं राहिलेलं मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. माझ्या मनात त्या खेळाबद्दल तिथेच आदर निर्माण झाला.

शिवाय नवख्याला फुकट खेळता येतं. अट एवढीच, की फुकट्याला तीन लाख मोहरांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. माझ्या खऱ्या खात्याला ही अट कधीच आडवी आली नव्हती, म्हणून मी ताबडतोब होकार दिला.

आता प्रश्न आला पेशा निवडण्याचा. तलवार, कुऱ्हाड, भाला, धनुष्य, नाना तऱ्हेच्या जादू, असं सगळं पडद्यावर मांडलेलं. चिरंजीवांनी समजावलं, "बाबा, चौघांत एक टँक असतो."

मी म्हटलं, "पाण्याची?"

"नाही हो. तो पुढे उभा राहून सगळ्यांचा मार अंगावर घेतो. तो मी. दोघे मारणारे असतात. आणि एक हीलर, जखमा बऱ्या करणारा. नवीन माणसाने हीलर घेऊ नये. तुम्ही धनुष्य घ्या. बाण चुकला तरी कुणी मरत नाही."

स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "यांना कुठला बाण मारता यायला! घरात झुरळ निघालं तर हे स्टुलावर चढून मला हाक मारतात."

मी बाणेदारपणे हीलर झालो.

नंतर कळलं की ही वाटणी फार जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. त्यात सुरुवातीला तीनच पेशे होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. मलमपट्टीचं खातं धर्मोपदेशकाकडे. पन्नास वर्षं उलटली तरी रीत तीच. एकाने मार खायचा, एकाने द्यायचा आणि एकाने मलम लावायचं. आमच्या शाखेत तरी दुसरं काय आहे? मॅनेजरसाहेब वरच्या कार्यालयाचा मार खातात, वसुलीवाले कर्जदारांना देतात, आणि "आजोबा, बसा, पाणी घ्या, सर्व्हर येईलच एवढ्यात," हे मलम मी लावतो.

माझी उमेदवारी ग्रिडानिया नावाच्या अरण्यातल्या नगरीत सुरू झाली. नवख्याच्या नावाशेजारी हिरव्या कोंबाचं चिन्ह असतं. डोक्यावर केस उरले नाहीत, पण नावाला कोंब फुटला! गंमत म्हणजे रोगनिवारकाला इथे पहिल्या पायरीवर दगड मारायला शिकवतात. मलम दुसऱ्या पायरीला. बाराव्या पायरीला मेलेल्याला उठवायची विद्या मिळते. बँकेत बारा वर्षांनी एक बदली मिळते. रोज रात्री जेवणं झाली की मी तासभर रानातल्या खारींना दगड मारत बसे. सौ. येता जाता पाही. काही बोलत नसे, पण दुसऱ्या दिवशी शेजारणी माझ्याकडे जरा जपून पाहत.

महिन्याभरात मी पंधराव्या पायरीला पोचलो आणि सास्ताशा नावाची समुद्रकाठची चाच्यांची गुहा मला उघडली. चिरंजीव ऐंशीच्या वरच्या पायरीवर होते. पण गुहेत शिरताना खेळ मोठ्यांना खाली उतरवून नवख्यांच्या बरोबरीला आणतो. पगाराच्या दिवशी ऑफिसरला काउंटरवर बसवतात तसं. बरोबर एक भालेवाला आणि एक जादूगार, दोघेही अनोळखी. चिरंजीव पुण्यात, मी सांगलीत, मध्ये फोन स्पीकरवर.

आत शिरताच रक्ताने माखलेला एक कागद सापडला. कोणत्या रंगाच्या पोवळ्याला हात लावायचा ते त्यात लिहिलेलं. मी तो शांतपणे दोनदा वाचला. कागद न वाचता पुढे जायचं नाही, ही तेवीस वर्षांची सवय. मान वर केली तर तिघेही पुढे निघून गेलेले.

धावत गाठलं तर तिथे तुंबळ सुरू होतं. मी चिरंजीवांना मलम लावलं मात्र, दोन चाचे त्यांना सोडून माझ्या अंगावर! मी ओरडलो, "अरे, मी यांचं काय केलं?"

"मला बरं केलंत ना! त्याचाही त्यांना राग येतो. माझ्याजवळ या, मी ओढून घेतो त्यांना."

म्हणजे भांडणाऱ्या दोघांत एकाला पाणी दिलं की दुसरा आपल्यावर धावतो, हा नियम जपानातही आहे.

पुढच्या झुंजीत मला चेव आला. पोरगा भक्कम दिसत होता, म्हणून मी दगडफेक सुरू केली. एक दगड बसला, दुसरा बसला, तिसरा तर असा बसला की मी खुर्चीत उठून उभा राहिलो. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "बाबा, माझी रेषा... बाबा, रेषा!"

पडद्याच्या एका कडेला चौघांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे प्राणाची एक हिरवी रेषा. मी पाहिलं तेव्हा चिरंजीवांच्या नावापुढे रेषाच नव्हती. ते गुहेत आडवे पडले होते.

खेळ आहे, हे मला कळत होतं. तरी हात कापले. त्या दोघा अनोळखी वीरांनी उरलेले चाचे कसेबसे संपवले. मी उठवण्याचा मंत्र सुरू केला. त्याला आठ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ जागचं हलायचं नसतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. तो उठला. कुणी मला बोललं नाही. नावाशेजारचा कोंब बघून सोडून दिलं असावं.

त्यानंतर मी एकही दगड मारला नाही. गुहेत काय होतं, शेवटचा तो माशाच्या तोंडाचा राक्षस कसा मेला, काही पाहिलं नाही. फक्त एका रेषेकडे पाहत होतो. ती खाली आली की मलम, खाली आली की मलम. पोराचं नक्की किती दुखतंय हे इतकं स्पष्ट मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. फोनवर तर ती रेषा नेहमी भरलेलीच असते. "जेवलास?" "हो."

मोहीम संपल्यावर प्रत्येकाने एकाला शाबासकी द्यायची असते. मला एक मिळाली. मी म्हटलं, "तू दिलीस का रे?"

"नाही बाबा, आपण एकत्र आलो ना. आपल्याच माणसाला देता येत नाही, असा नियम आहे. त्या भालेवाल्याने दिली असेल, नाहीतर जादूगाराने."

ते दोघे निघून गेले. गुहेबाहेर समुद्रकाठी आम्ही बापलेक उभे राहिलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "बाबा, परवाच्या मुलाखतीतही शेवटच्या फेरीत गेलो. ही तिसरी कंपनी."

मला तीन वाक्यं सुचली. तिन्ही 'आमच्या वेळी'ने सुरू होणारी. मी एकही बोललो नाही. बोट आपोआप मलमाच्या बटणावर गेलं. त्याच्याभोवती क्षणभर उजेड झाला.

"बाबा, माझी रेषा भरलेली आहे."

"असू दे."

मग तो पाऊण तास बोलला. मी "हं, हं" म्हणत होतो. पाऊण तास!

फोन ठेवला तेव्हा साडेअकरा झाले होते. सौ. उद्याची भाजी निवडत बसली होती. तिला कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करू लागलो, तर तीच म्हणाली, "मुलाखतीचं सांगितलं का त्याने?"

"तुला कधी सांगितलं?"

"सांगितलं कुठे! मंगळवारी 'जेवलो' म्हणाला ना, तेव्हाच आवाजावरून कळलं. रोज सकाळी फोन करते तेवढा, दोन मिनिटं."

तिच्यासमोर पडदा नव्हता, रेषा नव्हती आणि नावापुढे कोंबही नव्हता. बावीस वर्षांत तिला शाबासकी एकही नाही. आपल्याच माणसाला देता येत नाही ना! नियमच तसा. मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेलो, पातेलं शोधलं आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.

भाजी तशीच टाकून ती धावत आली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, बरं नाही का वाटत तुम्हाला?"