निगडीची फुगडी

मैत्रिणींनो, निगडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जुना मुंबई-पुणे रस्ता, कारखान्यांच्या बसगाड्या आणि पहाटे भरायचे पहिल्या पाळीचे डबे! खरंच आहे ते. पण एकदा पालखीच्या दिवशी इकडे या. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूत प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा. तुकोबा आणि शिवरायांच्या भेटीचं शिल्प आहे ना, त्या भक्ती-शक्ती चौकात उभ्या राहा. दिंडी जरा विसावली की भर रस्त्यात फुगड्या रंगतात. तुकोबांच्या गाथेतही फुगडीवरचे अभंग आहेत, बरं का!

मी लग्न होऊन आले ती इथल्या प्राधिकरणात. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं, २०२१ साली ते विलीनही झालं. पण आम्हा बायकांच्या तोंडी पत्ता अजून तोच. कारखान्यांमुळे इथे नाना जिल्ह्यांतली माणसं आली. आमच्याच गल्लीत एक साताऱ्याची, एक जळगावची, एक मालवणची. श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली आणि गंमत कळली. फुगडी सगळ्यांनाच येते, पण ठेका प्रत्येकीचा निराळा!

माझी तर वेगळीच तऱ्हा. लहानपणी फुगडीत हात सुटून उंबऱ्यावर पडले होते. कपाळावर खूण अजून आहे. त्यामुळे मी वाकून, अंग चोरूनच खेळायची. शेवटी मालवणच्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्याबरोबर खेळलं की माझे खांदे भरून येतात हो." मला इतकं लागलं ते! दुसऱ्या दिवसापासून मी तालमीला जाणंच सोडलं.

पुढच्या वर्षी पालखीच्या दिवशी चौकात पाणी वाटत होते. डोईवरचं तुळशीवृंदावन सोबतिणीकडे देऊन एका म्हाताऱ्या माळकरीण आजींनी माझा हात धरला. मी नको नको म्हणत होते. दोन गिरक्यांतच त्या थांबल्या. "बाय, तू मला धरतीस, पर सोताला देत न्हाईस. टाक की भार! म्या हाय न्हवं?"

डोळे मिटून मी अंग मागे टाकलं. आणि काय सांगू, पडले तर नाहीच. उलट इतकी हलकी झाले! आजींनी मला उचललं नव्हतं, आम्ही दोघींनी एकमेकींना तोललं होतं.

अर्जेंटिनाचा टँगो मी पडद्यावर पाहिला आहे. त्यात बहुधा एक जण वाट दाखवतो, दुसरा त्याच्या छातीच्या हालचालीवरून ती ओळखतो. आपल्या फुगडीत पुढारी कुणीच नाही. भार सारखा, भरवसाही सारखा.

तुम्हीही करून पाहा. पायांचे चवडे एकमेकींजवळ जुळवा. उजवा हात उजव्यात, डावा डाव्यात, असे हात कात्रीसारखे घट्ट धरा. कोपरं सरळ ठेवा आणि कमरेत न वाकता अंग मागे झोका. पावलं अगदी लहान. नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवा, भिंतींकडे पाहिलंत तर घेरी येईल. तोंडाने पकवा घुमवा. तोच आपला मृदंग. जिचा ठेका संथ, तिच्यापासून सुरुवात करा; श्वास जुळला की वेग आपोआप वाढतो. थांबताना हात एकदम सोडू नका, वेग कमी करत एकमेकींना जवळ घ्या. काचेच्या बांगड्या आधी उतरवून ठेवा, तळहाताला तेल नको, फरशी कोरडी हवी आणि भरल्या पोटी तर मुळीच नको.

त्या श्रावणात मी आपणहून मालवणच्या वहिनींपुढे हात केले. खेळ संपल्यावर त्या खांदा चोळतील, म्हणून मी बघत राहिले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आणखी एक घालूया?"

आजी कोणत्या गावच्या, ते विचारायचं राहूनच गेलं. दर वर्षी पालखीला मी चौकात पाणी घेऊन उभी असते. पाणी वाटताना नजर मात्र तुळशीवृंदावनं शोधत असते.